पायरीवर बसणारे माधवभाऊ

माधवभाऊ गेले हे मला कुणी तोंडानं सांगितलं नाही. पाडवा चार दिवसांवर आला होता. मी दारात खाट टाकून शेवया वाळत घालत होते. तेवढ्यात बोळातून कमल येताना दिसली. कमल म्हणजे माधवभाऊंची सून. डोक्यावर पदर, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, कोपरातून मोडल्यासारखं वाकडं. फडकं होतं तरी ते वाकडं टोक मी ओळखलं. त्यांच्या गाण्याच्या मशीनची ती चावी. मशीनला ती लावून पंधरा-वीस वेढे दिले की तवा, म्हणजे गाण्याची काळी तबकडी, फिरायला लागतो. ती चावी त्या माणसानं जन्मात दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती…

मी म्हणाले, "कधी?"

"सकाळी. चहा मागितला, आणि आणेपर्यंत…" कमल म्हणाली. "मामंजींनी सांगून ठेवलं होतं, मावशी. बाकी कुणाला कळवायच्या आधी ही चावी सगुणाबाईंना नेऊन दे."

चावी हातात घेतली. गार होती. तेव्हा मनात पहिलं काय आलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. माणूस गेला हे मागून आलं. आधी आलं ते हे, की आता आखाजीला माझी धुरपी कशी यायची?

वर्तमानपत्राच्या पुरवणीवाले म्हणाले, बऱ्हाणपुरात एका माणसानं एकट्यानं गाण्याच्या तव्यांची कंपनी चालवली, ती कोणत्या तत्त्वांवर चालवली ते तुम्ही सांगा. तत्त्व मला काय ठाऊक. मी दळणं दळणारी बाई. मी बोलते आणि शेजारच्या मास्तरीणबाई लिहून घेतात. माझ्या 'मले'चं त्यांनी बऱ्याच ठिकाणी 'मला' करून टाकलं. माधवभाऊंना ते आवडलं नसतं. ते म्हणाले असते, जसं तोंडातून आलं तसं ठेवा. तर हे एक तत्त्व धरा. बाकीची जशी आठवतील तशी येतील.

मी बहादरपूरची सून. नवरा गेला तेव्हा धुरपी अंगावर पीत होती. सासरच्यांनी वर्षभर ठेवलं, मग ठेवणं जड झालं त्यांना. मी पोरीला कडेवर मारली आणि बऱ्हाणपुरात आले. पहिली लढाई व्हायची होती अजून, तेव्हाची गोष्ट. शनवारा वेशीकडे माधवभाऊंचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, पुढं दुकान, मागं घर, घरामागं निंबाचं झाड. त्यांच्या आईकडे, मायजींकडे, मी दळायला जायची. जातं फिरलं की माझं तोंड आपोआप चालायचं. दळताना गप्प बसणं मला जमायचं नाही, हात थांबायचे. माधवभाऊ पुढं दुकानात बसून डोळ्याला काच लावून घड्याळाचे दात घासत असायचे. एकदा मायजी त्यांना ओरडल्या, "अरे, कधीचं घड्याळ हातात धरून बसला, काम कर ना!" तर ते म्हणाले, "करतोय की. ऐकायचं काम करतोय."

मग ते मुंबईला गेले आणि कुठल्या तरी बुडालेल्या कंपनीचं गाणं उतरवायचं मशीन घेऊन आले. गाडीतून उतरवलं तेव्हा अख्खा मोहल्ला जमला. एक मोठा भोंगा, त्याच्या बुडाशी सुई, सुईखाली मेणाची जाड चकती. भोंग्यात तोंड घालून गायचं, की सुई मेणावर रेघ ओढत जाते. मेणाचा बारीक दोरा निघतो, तो ते फुंकरीनं उडवायचे. ती चकती वाजवून बघता येत नाही, बघितली तर मोडते. ती कलकत्त्याला कारखान्यात जायची. तिथं तिच्यावरून तांब्याचा साचा करायचे, आणि साच्यातून एक नमुन्याचा काळा तवा निघायचा. तो टपालानं इकडे आला की मग कळायचं, काय उतरलं आणि काय नाही. महिना-दीड महिना कुणालाच काही माहीत नसायचं. स्वप्नात काहीतरी बोलून गेलो आणि ते कुणीतरी दूर गावी लिहून ठेवलंय, असं वाटायचं.

कंपनीचं नाव ठेवलं केळफूल छाप. पहिल्या चकत्या चैत्रात पाठवल्या. उन्हानं मेण वितळू नये म्हणून इथल्या माणसाला जे सुचेल तेच त्यांना सुचलं. शेतातून केळीच्या खांबाची ओली सोपटं आणली, पेटीत चकत्यांच्या चारी बाजूंनी गच्च भरली. गार राहिल्या चकत्या, पण ओल सुटली आणि मेणावर डाग धरले. तवे आले तर सगळ्या गाण्यांच्या मागं सरसर, सरसर… केळीच्या बागेतून वारा गेल्यासारखी. माधवभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोमीनपुऱ्यातले अब्दुलचाचा आले. त्यांचं गाणं होतं त्यात. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, ये तो अपने बगीचे की हवा है. इसको कायको रोते?" तेव्हापासून होळी झाली की उतरवायचं बंद, थंडीतच काय ते करायचं, ही शिस्त लागली.

अब्दुलचाचा हातमागावर बसून गायचे. दुकानात आणून भोंग्यासमोर उभे केले तर तोंडातून शब्द फुटेना. "करघे के बगैर गला नै खुलता," म्हणाले. दुसरा कुणी असता तर दुसरा गाणारा शोधला असता. माधवभाऊंनी हातगाडीवर मशीन घातलं आणि मोमीनपुऱ्यात मागाशी नेऊन लावलं. त्या तव्यात गाणं कमी आणि खटखट जास्त आहे असं लोक म्हणायचे. ते म्हणायचे, गाणं जिथं राहतं तिथं आपण जायचं, त्याला घरातून उठवायचं नाही.

इच्छापूरची भजनी मंडळी आली होती एकदा. तव्यावर तीन-सव्वातीन मिनिटं मावतात, त्यांचं भजन संपेना. बुवा म्हणाले, "तुम्ही सांगा कुठं कापायचं." माधवभाऊ म्हणाले, "मी कसा कापू? तुमचं आहे, काय सोडायचं ते तुम्ही बघा." ती मंडळी निंबाखाली बसून दिवसभर भांडली, कुणाला एक ओळ सोडवेना, आणि संध्याकाळी न गाताच बैलगाडीत बसून निघून गेली. माधवभाऊ वेशीपर्यंत पोचवायला गेले. मायजी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वरून यांना जेवू घातलं मी!" दुसऱ्या वर्षी थंडीत ती मंडळी आपणहून आली, आपसात ठरवून, भजन आखूड करून.

आणि नाव. तेव्हा मोठ्या कंपन्या बायांची नावं बदलायच्या, पुढं मिस लावायच्या, कुणाचं तर लावायच्याच नाहीत. माधवभाऊ प्रत्येकाला विचारायचे, "तव्यावर नाव काय लावू?" जे सांगेल ते. डोईफोडियाचा एक ढोलवाला होता, तो म्हणाला, "माझ्या बैलाचं लावा. घरात तोच एक माझं ऐकतो." माधवभाऊंनी दोनदा विचारलं, मग सर्जा असं लावलं. त्या माणसाची बायको दुकानात येऊन भांडली होती, "माझं नाव का नाही लावलं!"

सगळ्यात मोठा नियम नमुन्याच्या तव्याचा. तो कलकत्त्याहून आला की माधवभाऊ स्वतः ऐकायचे नाहीत. गाणाऱ्याला बोलवायचे, त्याच्यासमोर पहिल्यांदा लावायचे. गाणारा हो म्हणाला तर पुढचे तवे काढायला कलकत्त्याला लिहायचं. नाही म्हणाला तर नाही, का म्हणून विचारायचं नाही. आणि बाई असेल तर मायजी तिची ओटी भरायच्या. तांदूळ, नारळ आणि वर तो तवा.

पुढं एका वर्षी आमची आखाजीची गाणी उतरवायचं ठरलं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, झोक्यावर बसून गातात. त्या दिवशी लेक घरात नसेल तर घर सुतकी वाटतं. तो तवा आखाजीच्या आधी बाजारात आणायचा होता. जळगावच्या एका व्यापाऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, निघेल तेवढा माल मी उचलतो. माधवभाऊंनी होतं नव्हतं ते त्या एका तव्यात घातलं. हा चालला तर कंपनी चालते, असं होतं ते.

"गाणी सगुणाकडे आहेत," माधवभाऊ म्हणाले.

मायजी म्हणाल्या, "आणि झोका? विधवा बाई झोक्यावर बसली तर लोक तोंडात शेण घालतील. तिच्याबी आणि आपल्याबी."

"झोक्याशिवाय ते गाणं होत नाही, माय."

मी जात्यापाशीच होते. म्हटलं, "मायजी, मी कायले झोका घेते? मी धुरपीला झोका देते. ती एकटी बसली तर पडते ना, म्हणून मले तिच्यासंगं बसावं लागते."

मायजींनी माझ्याकडे बघितलं. हसू आलं त्यांना, पण दाबलं. "लई शहाणी आहेस तू," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "असं कर. तुझी ओटी मले भरता येत नाही. तवा आला की मी धुरपीची भरीन. नवा परकर शिवते तिला, त्याच्या ओच्यात."

संक्रांत झाली होती. सकाळी ऊन चढायच्या आत निंबाला आखूड दोराचा झोका बांधला, समोर हातभरावर भोंगा. मेण थंडीनं कडक होऊ नये म्हणून शेजारी शेगडी. धुरपी चार वर्षांची, माझ्या मांडीवर, दोन्ही हातांनी दोर धरून. माधवभाऊ म्हणाले, रुमाल वर केला की गाणं सुरू, दुसऱ्यांदा वर केला की चूप. मी गायले. झोका पुढं गेला की भोंग्याचं काळं तोंड जवळ यायचं, मागं आला की ते लांब जायचं. माझाच आवाज मला एकदा त्या तोंडातून परत आल्यासारखा वाटायचा आणि एकदा निंबात गेल्यासारखा. शेगडीचा धूर, वरून पिवळी पानं गळत होती… पाच वर्षांत मी झोक्यावर बसले नव्हते. गाणं कुठं संपलं मला कळलं नाही. रुमाल वर झाला, मी गप्प झाले, झोका तसाच हलत होता, आणि धुरपी मोठ्यानं म्हणाली, "अजून!"

सगळे हसले. मायजी तर पदर तोंडात घालून हसल्या. माधवभाऊंनी घाईनं सुई उचलली. म्हणाले, "हे उतरलं की नाही उतरलं, देव जाणे. दुसरी चकती लावू का?"

मी म्हणाले, "राहू द्या भाऊ, मले दोन घरची दळणं आहेत."

चकती कलकत्त्याला गेली. माघ सरता सरता धुरपीला ताप आला. तीन दिवस. चौथ्या दिवशी तापीच्या वाळूत ठेवून आले. एवढंच आहे ते. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जात्यावर बसले, लोकांच्या घरची भाकरी थांबत नाही. तोंड मात्र चालेना. तेव्हा कळलं, गप्प बसूनही दळता येतं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी माधवभाऊंचा निरोप आला, तवा आलाय. मी जायचं नाही म्हणत होते, पण नियम होता, मी ऐकल्याशिवाय ते ऐकणार नव्हते. गेले. दुकानात जळगावचा तो व्यापारी बसला होता. माल कधी मिळतो बघायला आला होता. मायजी आतल्या दारात उभ्या, हातात ताट, ताटात तांदूळ आणि नारळ. परकर पण होता, लाल, घडी घातलेला. त्यांनी तो मागं लपवला. मला दिसला.

माधवभाऊंनी चावी दिली. तवा फिरायला लागला. माझा आवाज आला, जवळ आला, लांब गेला, परत जवळ आला. अर्धी ओळ ऐकू यायची आणि अर्धी निंबात जायची. दोराची करकर येत होती. व्यापारी म्हणाला, "आवाज खालीवर का होतोय?" माधवभाऊ म्हणाले, "झोका आहे." मग गाणं संपलं. थोडी सरसर. आणि भोंग्याच्या तोंडाशी येऊन बसल्यासारखी, माझ्या मांडीवरची माझी पोर म्हणाली, "अजून!"

तवा फिरत राहिला. माधवभाऊंनी हात लांब करून सुई उचलली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही सांगा, सगुणाबाई."

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. एवढंच.

व्यापारी उठलाच. "नाही म्हणजे काय? आखाजी तोंडावर आली! ते शेवटचं पोराचं काय ते खरवडून काढा साच्यातून. अहो, एका रडणाऱ्या बाईपायी कंपनी बुडवता?"

माधवभाऊ म्हणाले, "शेटजी, रडली कुठं ती?"

तो गेला तो गेलाच. मी का नाही म्हणाले ते तेव्हा कुणी विचारलं नाही, म्हणून आता सांगते. तो तवा घरोघर गेला असता. माझ्या पोरीनं दर घरात जाऊन अजून म्हणायचं, आणि कुणी तिला झोका द्यायचा नाही… हे मला चालणार नव्हतं.

नमुन्याच्या तव्यावर छापील कागद नसतो, मधे कोरा पांढरा गोल असतो. त्यावर त्यांनी शाईनं आधीच माझं नाव लिहून ठेवलं होतं. नुसतं सगुणा, पुढं मागं काही नाही. त्यांनी दौत उघडली आणि विचारलं, "तिचं पाळण्यातलं नाव काय होतं?"

"धुरपीच."

"आवाज दोन आहेत, नावं दोन लागतात," म्हणाले, आणि खाली धुरपी लिहिलं. मला अक्षर येत नव्हतं. पुढं त्या गोलावर बोट फिरवून मी ही दोन नावं शिकले. तेवढीच दोन मला वाचता येतात.

मग मायजी ताट घेऊन पुढं आल्या. विधवेची ओटी भरत नाहीत. त्या बाईनं सोवळ्याओवळ्यात सारा जन्म काढलेला. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पसर पदर," म्हणाल्या. मी पसरला. तांदूळ घातले, नारळ घातला, लाल परकर घातला आणि वर तवा ठेवला. ते तांदूळ मी घरी नेऊन शिजवले. खायला लागायचेच. तवा परकरात गुंडाळून पेटीत ठेवला.

माधवभाऊंनी कलकत्त्याला लिहून साचा वितळवायला लावला. त्यानंतर केळफुलाचा एक तवा निघाला नाही. गाणं उतरवायचं मशीन खंडव्याच्या कुणाला तरी देऊन टाकलं, वाजवायचं तेवढं कोपऱ्यात राहिलं. ते पुन्हा डोळ्याला काच लावून घड्याळं घासायला लागले. मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत, आणि तेच मला टोचायचं. शिव्या दिल्या असत्या तर फिटलं असतं. मी त्यांच्या दारावरून जायचं टाळायला लागले. मायजींची दळणं सोडून दिली.

दोन आखाज्या गेल्या. तिसऱ्या आखाजीला शेजारच्या सगळ्या लेकी माहेरी आल्या. झोके बांधले, बोळभर गाणी. मी सकाळपासून हाताला काम लावून बघितलं, लागेना. पेटी उघडली, परकरातला तवा काढला, पदराखाली धरला आणि दुकानावर गेले. म्हटलं, "भाऊ, एक डाव लावता का?"

त्यांनी काही विचारलं नाही. मशीनची लोखंडी सुई काढून ठेवली. म्हणाले, "ही सुई तवा खाते. दर वेळी थोडा थोडा खाते." मग खणातून एक डबी काढली. तिच्यात बाभळीचे काटे होते, टोकदार, तेल लावलेले, एकसारखे कापलेले. म्हणाले, "काटा मऊ असतो. काटा झिजतो, तवा झिजत नाही." किती दिवसांपासून ते काटे कापून ठेवले होते, कोण जाणे. मी येईन हे त्यांना ठाऊक होतं की ते नुसतेच वाट बघत होते, तेही मी विचारलं नाही.

दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्या, मला आत पाटावर बसवलं, चावी दिली, काटा टेकवला आणि स्वतः बाहेर गेले. पायरीवर बसले, माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड. "हे तुमचं आहे," जाताना म्हणाले, "मी ऐकायचं नाही." मी ऐकलं. आवाज जवळ आला, लांब गेला. शेवटी धुरपी म्हणाली, अजून. आणि बरोब्बर त्या वेळी माधवभाऊ आत आले आणि त्यांनी काटा उचलला.

तेव्हापासून तसंच. तवा माझ्याकडे, मशीन त्यांच्याकडे. वर्षातून एकदा, आखाजीला, एकच डाव. तीस वर्षं तरी झाली असतील. मधे मायजी गेल्या. चक्क्या आल्या, दळणं बंद पडली, मी पापड लाटले, शेवया केल्या, लोकांच्या बाळंतिणी न्हाऊ घातल्या. दुसरी लढाई आली. लाख मिळेना, तव्यांना लाख लागते, म्हणून जुने तवे गोळा करणारे फिरू लागले. माधवभाऊंनी केळफुलाचे उरलेसुरले सगळे देऊन टाकले. अब्दुलचाचांचे, इच्छापूरकरांचे, सर्जाचे. मी घाबरले, म्हटलं आता माझाही मागतील. त्या आखाजीला गेले तर त्यांनी नेहमीसारखी डबी काढली, काटा लावला आणि पायरीवर जाऊन बसले. धुरपी तीस वर्षं चार वर्षांचीच राहिली. आम्ही दोघं म्हातारे झालो. दर वर्षी मला एका गोष्टीचं नवल वाटायचं, की पाठ करून, बाजाराच्या गलक्यात बसलेल्या ह्या माणसाला गाणं कधी संपलं ते नेमकं कसं कळतं. घड्याळवाला आहे, मिनिटं मोजत असेल, असं मी धरून चालले होते.

मागच्या आखाजीला त्यांचे गुडघे गेले होते. पायरीपर्यंत जाववेना. खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, "सगुणाबाई, मी इथंच बसतो. कान झाकून घेतो." आणि खरंच, ऐंशीला टेकलेला माणूस, दोन्ही हातांचे पंजे कानांवर दाबून पोरासारखा बसला. मला हसू आलं.

"काढा ते हात," मी म्हणाले. "माकडासारखे दिसता."

त्यांनी काढले. आम्ही दोघांनी ऐकलं. शिमग्याच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा एकत्र. काटा उचलल्यावर मी तीस वर्षांचं गिळलेलं एकदाचं बाहेर काढलं. "भाऊ, मी तेव्हा हो म्हणाले असते तर तुमची कंपनी राहिली असती."

ते काटा पुसत होते. "राहिली असती," म्हणाले. खोटं बोलले नाहीत. "मग तुम्ही बाजारात जाताना कुठल्या तरी हॉटेलात, कपबशांच्या आवाजात, ती ओरडली असती. तुम्ही कानावर हात दाबून निघून गेला असता. तुम्हीही माकडासारख्या दिसला असता." काटा डबीत ठेवला. "गाणाऱ्याचं नाही एकदा ऐकलं नाही, तर पुढं त्याच्या हो ला काय अर्थ राहतो? मग कंपनी राहून करायचं काय?"

तेच आमचं शेवटचं बोलणं.

या वर्षी आखाजीला जावं की नाही, ठरेना. चावी उशाला घेऊन झोपले होते महिनाभर. सकाळी उठले, पेटी उघडली, परकर आता परकर राहिलेला नाही, चिंधी झाली आहे, त्यातून तवा काढला आणि गेले. दुकान उघडं होतं. घड्याळं सगळी थांबलेली, प्रत्येकाची वेळ वेगळी. कमलनं पाट मांडून ठेवला होता, खणातली डबी काढून मशीनवर ठेवली होती. डबीत काटे होते. गेल्या थंडीत कापलेले, तेल लावलेले, नवे.

मी चावी दिली. हात पुरेना, अर्धे वेढे कमलनं दिले. काटा लावला. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, "कमल, तू बस पाटावर. तू ऐक. काटा टेकव हळूच, आणि हात काढून घे."

"आणि तुम्ही, मावशी?"

मी पायरीवर जाऊन बसले. त्यांच्या जागी. पायरी तिथं झिजून खोलगट झाली आहे, बसलं की अंग आपोआप रस्त्याकडे वळतं. समोर आखाजीचा बाजार. कलिंगडवाले, खरबूजवाले, पोरी नव्या बांगड्या भरून, टांगेवाले ओरडत. मागं तवा सुरू झाला असणार. पण काही ऐकू येईना. एखाद वेळी, झोका पुढं आला असेल तेव्हा, माझ्या आवाजाचं एक टोक कानाला लागल्यासारखं वाटायचं आणि परत बाजारात बुडून जायचं. म्हणजे खरंच होतं. तीस वर्षं ह्या माणसानं माझं गाणं ऐकलं नव्हतं. दिला शब्द पाळला होता… मी बसून राहिले. उन्हानं डोळे जड झाले. बांगड्या, खरबुजांचा वास, लांब कुठंतरी झोक्याची करकर.

आणि मग त्या सगळ्या गलक्यातून, पाठीमागून, अगदी स्पष्ट, कुणी पदर ओढून म्हणावं तसं आलं. "अजून!"

एवढं एकच. गाण्यातलं काही नाही, तेवढंच पायरीपर्यंत पोचतं.

मी गुडघ्यावर हात ठेवून उठले, आत गेले आणि काटा उचलला.